सोबतीला फोटोग्राफर

१९०१ सालच्या फेब्रुवारीत एडिसनच्या कंपनीनं जेमतेम मिनिटभराची एक फिल्म काढली: 'टेरिबल टेडी, द ग्रिझली किंग'. बर्फ पडलेल्या टेकाडावरून एक शिकारी धावत उतरतो. मागोमाग दोघंजण. एकाच्या अंगावर पाटी आहे, 'माझा प्रेस एजंट'. दुसऱ्याच्या अंगावर, 'माझा फोटोग्राफर'. शिकारी झाडावर नेम धरतो, बार उडतो, आणि वरून धप्पकन पडतं ते एक मांजर. तरीही गडी सुरा उपसून त्या मांजरावर तुटून पडतो. एजंट लिहून घेतो, फोटोग्राफर फोटो काढतो. दुसऱ्या दृश्यात साहेब घोड्यावर बसून निघतात आणि हे दोघं पायी मागे. संपली फिल्म.

हा टेडी म्हणजे थिओडोर रूझवेल्ट. तेव्हा तो उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला होता, शपथ घ्यायची बाकी होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॅकिन्लीचा खून झाला आणि रूझवेल्ट थेट राष्ट्राध्यक्ष झाला. मक्तेदार कंपन्यांना वेसण घालणारा, जंगलं राखणारा, अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा आणणारा सुधारक म्हणून अमेरिकेच्या इतिहासात त्याचं नाव आहे, आणि ते फुकटचं नाही. पण पडद्यावर तो राष्ट्राध्यक्ष म्हणून रुळायच्या आधीच त्याची थट्टा पडद्यावर येऊन गेली होती, आणि ती नेमकी होती. एडविन पोर्टर या दिग्दर्शकानं एक गोष्ट ओळखली होती: या माणसाबरोबर फोटोग्राफर नुसता असतो असं नव्हे, त्याच्यासाठी शिकार होते. (आपल्याकडची काही नावं तुमच्या मनात आली असतील तर ती जबाबदारी तुमची.)

ही फिल्म तुम्हाला आज ऑकलंडमध्ये किंवा वेलिंग्टनमध्ये घरबसल्या, फुकट पाहता येते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर रूझवेल्टशी संबंधित शंभराहून जास्त फिल्म आहेत. त्यातल्या बऱ्याच त्याच्या मृत्यूनंतर १९१९मध्ये स्थापन झालेल्या स्मारक संस्थेनं जमवल्या आणि पुढं १९६०च्या दशकात लायब्ररीला दिल्या. काही मात्र वाचल्या त्या कायद्यातल्या एका गमतीदार फटीमुळे. १९१२पर्यंत अमेरिकेत सिनेमाला सिनेमा म्हणून कॉपीराइटच नव्हता. फोटोला होता. म्हणून कंपन्या अख्ख्या फिल्मची चौकटीमागून चौकट कागदाच्या लांबलचक पट्टीवर छापून 'हे फोटो आहेत' असं सांगत नोंदणीला देत. मूळ नायट्रेट फिल्म जळाल्या, कुजल्या. कागदाच्या गुंडाळ्या राहिल्या, आणि त्यांवरून सिनेमे पुन्हा तयार करता आले. 'टेरिबल टेडी' त्यातलीच.

त्याच १९०१च्या डिसेंबरात मुंबईला चौपाटीवर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावे दादा, कॅमेरा घेऊन उभे होते. केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे परत आले होते, त्यांच्या स्वागताचं चित्रीकरण दादांनी केलं. भारतातली पहिली बातमीफिल्म म्हणून तिचा उल्लेख होतो. उल्लेखच होतो, पाहायला ती मिळत नाही. पुढं १९४०च्या दशकात रँग्लर ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर म्हणून आले, त्यांची नात सई परांजपे मोठेपणी सिनेमाची दिग्दर्शक झाली, पण घराण्यातला तो पहिला सिनेमा गेला तो गेलाच. एका मांजराची लुटुपुटूची शिकार कागदावर जिवंत राहिली आणि रँग्लरांचं स्वागत हवेत विरलं. मुद्दा हळहळण्याचा नाही. जुन्या फिल्म पाहताना कोण दिसतं याच्याइतकंच कोण दिसत नाही हे लक्षात ठेवावं लागतं, आणि रूझवेल्टच्या बाबतीत तर ते फारच लागतं.

आता खरा रूझवेल्ट. १९०५च्या शपथविधीपासून १९१९च्या अंत्ययात्रेपर्यंत तो या संग्रहात येत-जात राहतो. मान झटकणं, मूठ आपटणं, हॅट हलवणं, आणि व्यंगचित्रकारांनी अजरामर केलेले ते दात. पहिल्या दोन-तीन फिल्ममध्येच तुम्हाला वाटेल, बाप रे, केवढा हा उत्साह! तिथं जरा थांबा. त्या काळचे कॅमेरे हातानं फिरवायचे. सेकंदाला सोळा-अठरा चौकटी टिपल्या जायच्या. त्याच फिल्म आजच्या चोवीसच्या वेगानं दाखवल्या की माणसं दुडूदुडू पळतात. म्हणजे आपल्या मनातल्या 'सळसळत्या टेडी'तला काही भाग यंत्राच्या मुठीचा आहे. काही फिल्मचा वेग नीट बेतलेला आहे. त्यांत तो पोट सुटलेला, जरा धापा टाकणारा, प्रौढ माणूस दिसतो. मला तो जास्त आवडतो.

यातली माझी सर्वांत आवडती फिल्म विमानाची. ११ ऑक्टोबर १९१०, सेंट लुईसजवळचं किनलॉक मैदान. पद सोडून दीड वर्ष झालेला रूझवेल्ट आर्च हॉक्सी नावाच्या वैमानिकाशेजारी राइट बंधूंच्या विमानात बसतो. बसतो म्हणजे काय, पंखाच्या कडेवर ठेवल्यासारखा टेकतो. चारेक मिनिटांचं उड्डाण. कॅमेरा जमिनीवरच असल्यामुळं विमान उडाल्यावर जगातला सर्वांत ओळखीचा चेहरा एक ठिपका होऊन जातो. कॅमेऱ्यासाठी एवढं करणाऱ्या माणसाला कॅमेरा हरवून बसतो तो हा एक क्षण. हॉक्सी त्याच वर्षी ३१ डिसेंबरला विमान कोसळून गेला. हे माहीत असताना ती फिल्म पाहिली की त्या ठिपक्याकडं आपण वेगळ्या नजरेनं बघतो.

खोट्या रूझवेल्टची गोष्ट मात्र खऱ्यापेक्षा रंगतदार आहे. पदावरून उतरल्यावर मार्च १९०९मध्ये तो मुलाला, कर्मिटला, घेऊन पूर्व आफ्रिकेत गेला. निमित्त स्मिथसोनियन संग्रहालयासाठी नमुने गोळा करण्याचं. बापलेकांनी मिळून ५००हून जास्त जनावरं मारली. आफ्रिकेत त्याचं खरं चित्रीकरण केलं चेरी कीर्टन या इंग्रज निसर्गचित्रकारानं. पण ती फिल्म पडद्यावर यायच्या कितीतरी आधी, मे १९०९मध्येच, शिकागोच्या सेलिग कंपनीनं 'हंटिंग बिग गेम इन आफ्रिका' काढून मोकळं केलं. शिकागोतल्या स्टुडिओत कुंड्यांचं जंगल, रूझवेल्टसारखा दिसणारा एक नट, 'आफ्रिकन' म्हणून शहरातलेच कृष्णवर्णीय रहिवासी, आणि एक म्हातारा सिंह. बाकी सगळं नकली, सिंह मात्र खरा आणि तो खरोखरच मारला. फिल्मच्या नावात रूझवेल्ट नव्हता, पण प्रेक्षकांना सांगायची गरजही नव्हती. ती तुफान चालली. १९१०मध्ये कीर्टनची अस्सल फिल्म आली तेव्हा लोक कंटाळले. तिच्यात सिंह मरत नव्हता.

न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्यांना यावरून 'फरगॉटन सिल्व्हर' आठवेल. पीटर जॅक्सन आणि कोस्टा बोट्स यांचा तो 'माहितीपट' ऑक्टोबर १९९५मध्ये इथल्या टीव्हीवर दाखवला गेला. कॉलिन मॅकेन्झी या विस्मृतीत गेलेल्या किवी चित्रपटमहर्षीचा शोध, त्याच्या सापडलेल्या जुन्या फिल्म, आणि त्यात रिचर्ड पीअर्सच्या विमानाचं उड्डाण राइट बंधूंच्याही आधीचं! अनेकांची छाती फुगली. मग कळलं की मॅकेन्झी नावाचा माणूस कधी नव्हताच. लोक चिडले ते फसवणुकीपेक्षा मला वाटतं वेगळ्याच कारणानं: जे पाहायची इच्छा होती तेच दाखवलं गेलं होतं. सेलिगच्या सिंहाचंही हेच होतं. फरक एवढाच की जॅक्सननं थट्टा म्हणून केलं आणि सेलिगनं धंदा म्हणून.

रूझवेल्ट स्वतः न्यूझीलंडला कधी आला नाही. पण त्याचं सर्वांत मोठं 'चलच्चित्र' मात्र ऑकलंडला येऊन गेलं, आणि या लेखाचं खरं कारण ते आहे. डिसेंबर १९०७मध्ये त्यानं अमेरिकेच्या १६ युद्धनौका जगप्रदक्षिणेला धाडल्या. 'मेफ्लॉवर' या आपल्या नौकेवर उभं राहून निरोप दिला आणि फेब्रुवारी १९०९मध्ये, पद सोडायच्या दहा दिवस आधी, तिथंच उभं राहून स्वागत केलं. मधल्या काळात, ९ ऑगस्ट १९०८ला, हा ताफा वाइटेमाटा बंदरात शिरला आणि आठवडाभर राहिला. पंतप्रधान जोसेफ वॉर्ड यांनी आग्रहानं बोलावणं धाडलं होतं. वेलिंग्टनहून खासदारांना वेळेत आणायचं म्हणून नॉर्थ आयलंडच्या मुख्य रेल्वेमार्गावर, काम पुरं व्हायच्या आधीच, तात्पुरत्या रुळांवरून खास गाडी सोडली. वीस तासांहून थोडा जास्त वेळ लागला. वेलिंग्टन ते ऑकलंड थेट धावलेली ती पहिली गाडी. रूझवेल्टच्या खेळाला प्रेक्षक पोचवण्यासाठी धावलेली.

खेळ म्हणायचं कारण असं की त्या जहाजांनी चौदा महिने एकही गोळी शत्रूवर झाडली नाही. त्यांचं काम दिसण्याचं होतं. रंग पांढराशुभ्र, नाळेवर सोनेरी नक्षी. कोळसा मात्र बहुतांशी ब्रिटिश मालवाहू जहाजं पुरवत होती, कारण अमेरिकेकडं पुरेशी नव्हती. दात मोठे, पण चावायला लागलं असतं तर कोळसा उसना. ताफा परत गेल्यावर जहाजांना राखाडी रंग दिला. लढायचं असेल तर पांढरं जहाज फार लांबून दिसतं.

'ग्रेट व्हाइट फ्लीट' हे नाव पुढं रूढ झालं. मराठीत जहाज पांढरं असतं आणि माणूस गोरा. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे आणि १९०८च्या ऑकलंडमध्ये तो दोन्ही अर्थांनी वाजत होता. जपाननं १९०५मध्ये रशियाला हरवलं होतं. ब्रिटनचा जपानशी तह होता, त्यामुळं इथल्या गोऱ्या वसाहतीला आपल्या रक्षणाची धाकधूक होती. अमेरिकेचे पाहुणे म्हणजे 'आपलेच' भाऊबंद. आदल्याच वर्षी इथल्या संसदेनं चिनी माणसांना देशात येण्यासाठी इंग्रजी वाचनाची परीक्षा ठरवणारा कायदा केला होता. माणशी १०० पौंडांचा कर १८९६पासून होताच. १८९९च्या कायद्यानं युरोपीय भाषेत अर्ज भरायची अट घातली, म्हणजे नाव न घेता आपल्यालाही दाराशी अडवायची सोय. आणि १९२०मध्ये परवान्याची पद्धत आणून दार जवळजवळ लावूनच घेतलं. तोवर आले होते ते बहुतेक गुजराती आणि पंजाबी. आपण मराठी मंडळी बहुतेक नंतरची, गुणांची बेरीज करून व्हिसा मिळवलेली.

हे कायदे कुणी खलनायकांनी केले नव्हते. ते पुरोगाम्यांनी केले होते. रिचर्ड सेडनच्या लिबरल सरकारनं १८९८मध्ये वृद्धांना पेन्शन दिली आणि त्याच कायद्यात चिनी व इतर एशियाई लोकांना वगळलं. अमेरिकेतले सुधारक तेव्हा न्यूझीलंडकडं प्रयोगशाळा म्हणून बघत. हेन्री डेमारेस्ट लॉइड इथं येऊन गेला आणि परत जाऊन त्यानं पुस्तकं लिहिली. दोन्हीकडं 'लोकांसाठी' म्हणताना लोक कोण हे आधीच ठरलेलं होतं.

एक तारीख बाजूला मांडून बघा. २२ जुलै १९०८ला मुंबईत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणगाव सहा दिवस बंद राहिलं. त्यानंतर अठरा दिवसांनी ऑकलंडच्या किनाऱ्यावर लोक पांढऱ्या जहाजांकडं पाहत टोप्या उडवत होते. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, जानेवारी १९०९मध्ये, रूझवेल्टनं वॉशिंग्टनला मेथडिस्ट चर्चच्या एका समारंभात गोऱ्या वंशांच्या विस्तारावर भाषण केलं आणि ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या राज्याचं भरभरून कौतुक केलं. संग्रहातल्या फिल्म मूक आहेत. त्या हलणाऱ्या ओठांत कोणते शब्द भरायचे हे पाहणाऱ्यानं ठरवायचं असतं, आणि आपण मराठी प्रेक्षकांनी हेही शब्द भरून पाहायला हरकत नाही.

आता नटांकडं येऊ, कारण आपल्या मुलांना रूझवेल्ट माहीत आहे तो 'नाइट अ‍ॅट द म्युझियम'मधला रॉबिन विल्यम्स. २००६, २००९, २०१४ असे तीन सिनेमे. तिसरा विल्यम्सच्या मृत्यूनंतर आला. घोड्यावरचा मेणाचा टेडी, रात्री जिवंत होणारा, गोंधळलेल्या पहारेकऱ्याला धीर देणारा. गोड काम आहे. त्यात एक हुशारीही आहे: एका क्षणी हा टेडी कबूल करतो की आपण खरे रूझवेल्ट नाही, कारखान्यात बनवलेला पुतळा आहोत, टेकडी वगैरे काही चढलो नाही. 'टेरिबल टेडी'नं जे बाहेरून म्हटलं ते इथं पात्र स्वतःच्या तोंडानं म्हणतं. पण सिनेमा तिथं थांबत नाही, लगेच मिठी मारतो. आणि सकागावेआ? काचेआड उभी असलेली ती मूलनिवासी स्त्री, जिच्याकडं टेडी दुर्बिणीतून पाहत असतो. तिला काचेबाहेर काढलं की प्रेमकथा सुरू. दुर्बीण कुणाच्या हातात होती हा प्रश्न दिग्दर्शकाला पडत नाही. न्यूयॉर्कच्या त्या खऱ्या संग्रहालयाबाहेर १९४०पासून रूझवेल्टचा अश्वारूढ पुतळा होता. तो घोड्यावर, दोन बाजूंना एक मूलनिवासी आणि एक आफ्रिकी माणूस पायी. टेकाडावरच्या त्या फिल्मसारखीच रचना, फक्त थट्टा वजा केलेली. तो पुतळा जानेवारी २०२२मध्ये तिथून हलवला.

त्याआधीचे दोन रूझवेल्ट मला विल्यम्सपेक्षा उजवे वाटतात. १९७५च्या 'द विंड अँड द लायन'मध्ये ब्रायन कीथनं त्याला एकटा आणि थोडा दुःखी केला आहे. इतिहासात मोरोक्कोत पळवून नेलेला पेर्डिकारिस हा प्रौढ पुरुष होता, सिनेमात त्याची कँडिस बर्गन झाली, ते सोडून द्या. आणि फ्रँक काप्राचा 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' (१९४४)! त्यात स्वतःला रूझवेल्ट समजणारा एक वेडा माणूस आहे. जिना म्हणजे त्याची लढाईतली टेकडी. आरोळी ठोकून तो वर धावतो. तळघरात पनामा कालवा खणतो, आणि त्यात त्याच्या प्रेमळ बहिणी नव्हे, आत्या, आपण विष घालून मारलेले पाहुणे पुरवून घेतात. त्याला वाटतं ही पीतज्वराची प्रेतं. रूझवेल्टवरचा इतका निर्दय विनोद दुसरा नाही: वर जल्लोष, खाली प्रेतं, आणि खणणाऱ्याला सगळं राष्ट्रकार्य वाटतंय.

या सगळ्या नटांनी एक गोष्ट चुकीची केली, ती म्हणजे आवाज. कीथ गुरगुरतो, विल्यम्स भारदस्त बोलतो. खऱ्या रूझवेल्टच्या १९१२च्या निवडणुकीतल्या काही ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. आवाज बारीक आहे, वरच्या पट्टीतला, एकेक शब्द दातांनी तोडल्यासारखा. शाळेतले कडक पण कनवाळू मास्तर बोलतात तसा.

संग्रहात १९१७ सालची एक फिल्म आहे. सॅगामोर हिलच्या आपल्या घराच्या ओसरीवरून रूझवेल्ट मताधिकार मागणाऱ्या बायकांपुढं बोलतो आहे. न्यूझीलंडमध्ये बायका तेव्हा चोवीस वर्षं मत देत होत्या. ती फिल्म एका खिडकीत लावा आणि १९१२ची एखादी ध्वनिमुद्रिका दुसऱ्या खिडकीत. एक हात वर जातो, दात चमकतात, पाठीमागून तो बारीक आवाज भलत्याच विषयावर बोलत राहतो, आणि ओठ काही केल्या शब्दांशी जुळत नाहीत.